माशांचं पिंप

गेल्या मंगळवारी सकाळी नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं. डोंबिवलीतल्या कोपरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच फोटो पडले. कुणाची बादली, कुणाचं पातेलं, कुणाचे मशीनमधून पिवळे होऊन निघालेले पांढरे शर्ट. खाली सेक्रेटरींची नेहमीची ओळ, पाणी गाळून, उकळून प्यावे. पाऊस लागून तीन-चार आठवडे झाले की वरची माती नदीत उतरते आणि नदीतली आमच्या घरात. त्यात नवीन काही नाही. लोकांना या दिवसांत डोंगर आठवतात, धबधबे आठवतात, कांदाभजी आठवते. मला बादलीच्या तळाशी बसलेला चमचाभर गाळ दिसतो.

त्याच दिवशी शेजारच्या देसाईकाकूंनी बेल वाजवली. "सुजाता, तुरटीचा खडा आहे का गं? माझा कुठे ठेवलाय तो सापडत नाहीये." मी नाही म्हटलं आणि दार लावलं, ते जरा जोरातच लागलं. बिचाऱ्या काकूंचा काय दोष. पण वर्ष झालं, मी घरात तुरटी ठेवत नाही. गढूळ पाणी आलं की पाण्याचे जार मागवते, आणि कुणी विचारलंच तर सोयीचं पडतं म्हणून सांगते.

गेल्या वर्षी याच दिवसांत बाबांचे मासे मेले. आणि ते का मरतायत हे शोधण्यात मी, पंचवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेली बाई, दीड महिना चुकत राहिले. माणसांच्या रक्तातलं, लघवीतलं, थुंकीतलं ओळखून डॉक्टरांना सांगणारी मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा मी कल्याणपर्यंत घातला.

बाबा ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर कुणी देवळात जातं, कुणी कट्ट्यावर जातं, बाबा पाण्यात गेले. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी चार फुटांची काचेची टाकी आली आणि टीव्ही बेडरूममध्ये हद्दपार झाला. नुसती माशांची नव्हे, झाडांची टाकी. तळाशी माती, वर बारीक खडी, मधोमध एक वाकडा ओंडका, त्याच्यावर शेवाळ बांधलेलं, तेही आईच्या शिवणाच्या डब्यातल्या हिरव्या दोऱ्याने. मागे लांब पात्यांचं गवत, पुढे खडीलगत पसरणारं काहीतरी, आणि कोपऱ्यात एक लाल पानांचं झुडूप, ज्याचं नाव बाबा दर वेळी सांगायचे आणि मी दर वेळी विसरायचे. झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो म्हणून शेजारी एक छोटा सिलेंडर. त्याचे बुडबुडे बाबा मनगटावरच्या घड्याळात बघून मोजायचे. या जंगलात निऑन टेट्रांचा थवा, गप्पी, तळ उकरत फिरणाऱ्या मिशाळ कोरीडोरास, गोगलगायी आणि एंजल माशांची एक जोडी. "एवढी मशागत दारात केली असती तर अळूचं फदफदं तरी झालं असतं," आई म्हणायची. आणि संध्याकाळी तीच वेताचा मोडा ओढून त्यांच्या शेजारी बसायची.

बाल्कनीत एक निळं पिंप होतं. त्यावर बाबांनी त्यांच्या त्या छापील अक्षरात मार्करने लिहिलेलं, 'माशांचं'. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, तो उडून जावा म्हणून माशांसाठीचं पाणी त्यात दोन दिवस उघडं ठेवायचं आणि मग टाकीत घालायचं. पावसाळ्यात या पिंपाला एक जास्तीचा कायदा लागू व्हायचा. आमच्याकडे कुठल्याही घरात गढूळ पाणी आलं की बाई तुरटीचा खडा घेते आणि पाण्यात गोल गोल फिरवते. थोड्या वेळाने माती खाली बसते आणि वर नितळ पाणी राहतं. आई पिण्याच्या पाण्यात एकवीस वेढे द्यायची, तोंडाने मोजत, तिच्या आईने शिकवलेलं तसं. माशांच्या पिंपात मात्र तुरटी नाही. माणसाला चालते, माशाला चालत नाही. त्यांचं पाणी नुसतं ठेवून द्यायचं, आपोआप जेवढं बसेल तेवढं बसू द्यायचं आणि वरचं घ्यायचं, जरा मातकट राहिलं तरी हरकत नाही. कायदा बाबांचा, पण पोलीस आई. एकदा आमची कामवाली मालूबाई उत्साहाने खडा घेऊन पिंपाशी गेली तर आईने तिचं मनगट धरलं. "माशांच्या पिंपात तुरटी घालत नाहीत," एवढंच म्हणाली, पण अशी म्हणाली की मालूबाई पुढे कितीतरी दिवस त्या पिंपाला वळसा घालून झाडू मारायची.

बाबा गेले ते थंडी संपता संपता. सकाळी त्यांनी टाकीची काच पुसली, चहा घेतला, आणि दुपारी नव्हते. तेराव्यानंतर नातेवाईक विचारायला लागले, आता या टाकीचं काय? कुणी म्हणालं विकून टाका, कुणी म्हणालं देऊन टाका. मी तेव्हा ठाण्यात माजिवड्याला एकटी राहायचे, लॅबही तिथेच होती. एकटी का, ती चर्चा इथे नको. आईला म्हटलं, चल माझ्याकडे. ती म्हणाली, "आणि मासे?" एवढंच. दिवसभर गप्प असणारी आई संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून टाकीसमोर बसली की बोलायची. माशांशी बोलायची की बाबांशी, ते मी विचारलं नाही. मी माझ्यापुरतं साधं गणित केलं होतं. मासे आहेत तोवर आई आहे. म्हणून दर शनिवारी लॅबमधून परस्पर डोंबिवली, रविवारी पाणी बदलायचं, पात्या छाटायच्या, सोमवारी पहाटे परत. बाबांची वही होती, तीत सगळं लिहिलेलं होतं. ती वाचून मी टाकी चालवत होते आणि चाललंही होतं, गढूळ पाणी येईपर्यंत.

पहिला फोन एका बुधवारी आला. मी रक्ताच्या ट्यूबा मशीनला लावत होते. "सुजू, एक गप्पी तरंगतोय," आई म्हणाली. गप्पी काय, मरतात अधूनमधून. "काढून कुंडीत पुर," मी म्हटलं. शुक्रवारी आणखी दोन. शनिवारी मी घरात पाऊल टाकलं तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय. सगळे मासे वर आलेले, पाण्याच्या अगदी टोकाला तोंड लावून. कल्ले भराभर हलतायत, जिना चढून धाप लागल्यासारखे. पर अंगाशी मिटलेले. एखादा मध्येच खाली सूर मारायचा आणि ओंडक्यावर अंग घासायचा. एका निऑनच्या निळ्या पट्ट्यावर पातळ, पांढरट चिकटा आला होता. आणि झाडं मात्र अशी तजेलदार की विचारू नका. लाल पानं कधी नव्हे इतकी लाल. मला त्या झाडांचा रागच आला.

चिकटा, खाज, धाप. म्हणजे परजीवी. मला शंकाच नव्हती. मेलेला निऑन डबीत घालून मी सोमवारी लॅबमध्ये नेला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या अंगावरचा चिकटा काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला. दोन-चार केसाळ जीव गिरक्या घेताना दिसले. मला इतका आनंद झाला की डबा खायचा राहिला. मेलेल्या माशावर असले जीव जमतातच, हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. मग निळं औषध आणलं. झाडांच्या टाकीत ते चालत नाही म्हणून आजारी मासे टबात काढले. टबातलं पाणी अर्थात पिंपातलंच. निळ्याने गुण येईना म्हणून जाडं मीठ, मिठाने येईना म्हणून हिरवं औषध. टबातले मासे टाकीतल्यांपेक्षा लवकर मेले. मी म्हटलं, तेच जास्त आजारी होते.

बाबांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, मासा आजारी दिसला की आधी पाणी बदलावे, मग विचार करावा. मी बदलत होते. शनिवारी थोडं, रविवारी थोडं, आणि मधल्या दिवसांत आईला सांगून ठेवलेलं की रोज दोन-दोन तांबे घाल. पिंपातलं पाणी गेल्या वर्षी काय नितळ होतं. तळाशी टाकलेलं नाणंही दिसावं असं. नळाला मातीचा काढा येत होता आणि पिंपात काच. "आई, यंदा पाणी किती छान बसलंय गं," मी म्हटलंसुद्धा. ती खूश झाली. "बसू दिलं की बसतं," म्हणाली.

बाबांच्या कपाटात पाणी तपासायचा संच होता, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. बाकी सगळं ठीक आलं. आम्लता बघायची नळी मात्र पिवळीधमक. वहीत बाबांनी लिहिलं होतं की सिलेंडरच्या गॅसमुळे पाणी थोडं आंबटाकडे झुकतं, घाबरू नये. मी घाबरले नाही. झाडांच्या टाकीत असं असायचंच, म्हटलं. आता गंमत अशी की संचातल्या रंगांच्या तक्त्यावर पिवळ्याच्या खाली रंगच नाही. पाणी थोडं आंबट असो नाहीतर भयंकर, नळी पिवळीच दिसणार. लॅबमध्ये मशीनचा आकडा टोकाला टेकला की मी कुणाला विचारत नाही, सरळ पुन्हा तपासायला लावते. ज्युनियर मुलींना त्यावरून इतकी बोललेय की त्या मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. घरची नळी मी पुन्हा तपासली नाही.

असं असायचंच. हे वाक्य त्या दिवसांत मी कुठे कुठे वापरलं. आई एकच गोष्ट फोनवर तीनदा सांगायची, वय झालं, असं असायचंच. आमटीत मीठ दोनदा पडलं, बाबा जाऊन सहा महिने नाही झाले, लक्ष नसायचंच. सलग चार शनिवार तिने वालाचं बिरडं केलं. मला बिरडं आवडतं म्हणून करते असं समजून मी दोन घास जास्त जेवले. वाल सोलायचे म्हणजे खेळ नाही, तासभर मान मोडून बसावं लागतं, एवढे कष्ट माया असल्याशिवाय कोण घेतं. आता वाटतं, मागच्या शनिवारी काय केलं होतं ते तिला आठवतच नसेल. की आठवत असेल? तेवढं एक मला अजून ठरवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर ठरवायचंही नाही.

गप्पी संपले, निऑन निम्मे उरले, तेव्हा मी कल्याणला गेले. बाबा ज्यांच्याकडून मासे आणायचे त्या दामूशेठचं दुकान बाजारामागच्या गल्लीत आहे. आत शिरलं की दमट हवा, माशांच्या खाण्याचा उग्र वास आणि वर उदबत्ती. दामूशेठ खाडीकाठच्या गावातले. "आमच्या बापजाद्यांनी मासं खाल्लं, मी पालायला इकतो," असं ते बाबांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे. मी बरणीतला मेलेला मासा पुढे केला, फोनवरचे फोटो दाखवले, परजीवी, औषधं, प्रमाण, सगळं सांगितलं. त्यांनी मासा बघितलाच नाही. दुसऱ्या बाटलीत मी एक गोगलगाय आणली होती, तीही मरगळलेली दिसली म्हणून. ती त्यांनी तळहातावर घेतली आणि तिच्या शंखावर नख ओढलं. नखाला चुन्यासारखा भुगा आला.

"ताई, ही बगा. शंखाला खड्डं पडलंत," ते म्हणाले. "पानी आंबट झालाय तुमचा. पार आंबट. मासं आजारी नाय, पानी आजारी हाय."

"गॅसमुळे होतं ना ते?"

"गॅस तर तुमचं बाबा पन सोडायचं. तवा कवा झाला काय असा?" त्यांनी गोगलगाय परत बाटलीत सोडली. "पान्यान कोन काय टाकतं का?"

"कोण टाकणार? आई एकटीच असते घरात."

दामूशेठनी फळीवरच्या औषधांच्या बाटल्यांकडे बोट केलं. म्हणाले, "ही सगली बंद करा. आनि पानी सुदरवताना घाई नको. हलूहलू. आंबट पान्यातला मासा एकदम चांगल्या पान्यान टाकला, तर तो चांगल्या पान्यानंच मरतो."

घरी येऊन मी नळाचं पाणी तपासलं. हिरवट आलं, म्हणजे ठीक. पिंपातलं तपासलं, पिवळं. म्हणजे जे काय होत होतं ते नळ आणि टाकी यांच्या मधे, बाल्कनीत होत होतं. "आई, पिंपात तू काही घालतेस का?" मी विचारलं. "मी कशाला घालीन?" ती म्हणाली, आणि ते मला लगेच पटलं. मग राहिली मालूबाई. सांगायला लाज वाटते, पण माझं डोकं सरळ तिच्याकडे धावलं. तिला रंगेहाथ पकडायची म्हणून मी मंगळवारी रजा टाकली. एरवी रविवारी मी साडेनऊपर्यंत झोपायचे आणि आई उठवायची नाही, त्यामुळे या घराची सकाळ मी कितीतरी महिन्यांत पाहिलीच नव्हती.

साडेसहाला पाणी आलं. मी बेडरूममध्ये पडून होते, दार अर्धं उघडं होतं आणि तिथून बाल्कनी सरळ दिसते. आईने पिण्याचं पाणी भरलं, खडा घेतला आणि एकवीस वेढे दिले, मोजत. मग निळ्या पिंपात नळी सोडली, ते भरलं, आणि तोच खडा घेऊन ती पिंपावर वाकली. एक, दोन, तीन. मला वाटलं आत्ता थांबेल, आत्ता लक्षात येईल. एकवीस झाले. तिने खडा पुसून वाटीत ठेवला, चहा केला, मला आणून दिला, "आज सुट्टी का गं?" विचारलं. ती परत बाल्कनीत गेली, पिंपात डोकावली. पाणी अजून ढवळलेलंच होतं. "अगंबाई, तुरटी राहिलीच की," म्हणाली आणि खडा उचलला. पुन्हा एकवीस. देवाचे कपडे वाळत घालायला गेली तेव्हा आणखी एकदा. चौथ्यांदा तिने खडा घेतला तेव्हा मालूबाई यायची होती. मी शनिवारी आणलेला मुठीएवढा खडा सुपारीएवढा झाला होता. दीड महिन्यात 'तुरटी संपली, येताना आण' असा फोन तीनदा आला होता आणि तीनदा मीच आणून दिली होती. एक खडा अख्खा पावसाळा पुरतो, हे डोंबिवलीत वाढलेल्या माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

मी उठून गेले ती ओरडतच गेले. "काय करतेयस तू? दीड महिना मी जिवाचं रान करतेय, लॅब सांभाळून धावतेय, आणि तू? तूच मारलेस बाबांचे मासे."

ती वळली. "मी?" म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. "मी कशाला घालीन तुरटी? माशांच्या पिंपात तुरटी घालत नाहीत." मालूबाईचं मनगट धरताना होता तोच आवाज, तोच ठामपणा. आणि तिच्या हातातल्या खड्यावरून पाणी गळून तिच्या गाऊनवर पडत होतं.

तेव्हा मला कळलं. दीड महिना हुलकावणी देणारं सगळं एकदम ओळीत येऊन उभं राहिलं, फोन, मीठ, बिरडं. आईने खाली हाताकडे पाहिलं. मग खडा अलगद कठड्यावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "हा इथे कसा आला?"

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. एवढं साधं होतं ते. मी नाही घेतलं. मला राग येऊन चुकला होता आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी पिंप आडवं केलं, सगळं पाणी मोरीत घालवलं आणि टाकीच्या मागे लागले. नळाचं पाणी बादल्या भरभरून ओतलं. आंबट मारायला स्वयंपाकघरातला खायचा सोडा घातला, चमच्याने नव्हे, मुठीने. दामूशेठ हलूहलू म्हणाले होते ते आठवत होतं. तरी थांबले नाही. आई मोड्यावर बसून बघत होती, हात मांडीवर पालथे ठेवून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उरलेले सगळे मेले, कोरीडोरास, निऑन, आणि शेवटी बाबांची एंजलची जोडी, अर्ध्या तासाच्या अंतराने. हिशेब लावायचाच तर तुरटीने मारले त्याहून कमी मी मारलेले नाहीत. आईला निदान ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. पंचवीस वर्षं मी रिपोर्ट बनवले, पण रिपोर्टवाला माणूस खुर्चीवर शेजारी बसलेला कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे येते ती बाटली, तिच्यावर नाव आणि वय. डॉक्टरांनी आईला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात वजा करायला लावले. मग विचारलं, "आजी, आत्ता कुठला महिना चाललाय?" आईने खिडकीबाहेर पाहिलं, विचार केला, आणि म्हणाली, "गढूळ पाण्याचा." डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. मला त्यांचा राग आला. चूक कुठे होतं ते? पण ते तीन शब्द तिला आठवले नाहीत, आणि आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला माहीत होतं.

माजिवड्याची खोली मी सोडली. आता कोपरहून ठाण्याला जाऊन येऊन करते, आणि मी नसते तेव्हा मालूबाई दिवसभर आईजवळ असते. तिच्यावर मी संशय घेतला होता हे तिला सांगितलेलं नाही. निळं पिंप भंगारवाल्याला दिलं. टाकी आहे. तिला मी फक्त दोन दिवस ठेवलेलं पाणी घालते. झाडं आहेत आणि दोन-तीन गोगलगायी वाचल्या त्या आहेत. त्यांच्या शंखावरचे जुने खड्डे तसेच राहिले, पुढे नवीन वाढलेला शंख गुळगुळीत आलाय. नवीन मासे आणा, आजींना बरं वाटेल, असं सगळे सांगतात. दामूशेठनीही फोन केला होता. माझा हात धजत नाही.

आई अजून संध्याकाळी मोडा ओढते. थोडा वेळ झाडांकडे बघते, पात्यांमागे कुणी लपलंय का ते वाकून पाहते, आणि मग विचारते, "सुजू, मासे कुठे गेले गं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. रिपोर्ट लपवायचा नाही, ही आमच्या कामातली शिस्त. "आई, तुझ्या हातून पिंपात तुरटी पडली. त्याने मेले." ती रडली. "ह्यांना काय सांगू मी," म्हणत जेवायच्या वेळेपर्यंत रडत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि ती पुन्हा तेवढीच रडली, कारण तिच्यासाठी ते पहिल्यांदाच घडत होतं. तिसऱ्या दिवशी मालूबाईने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "ताई, रोज रोज काय मारता म्हातारीला?" म्हणाली.

तेव्हापासून मी दुसरं सांगते. "माझ्या हातून मेले, आई. पाण्यात नको ते घातलं मी." हे खोटंही नाही.

ती ऐकते. माझ्याकडे बघते, आणि तिचा हात माझ्या पाठीवर येतो. "असू दे," म्हणते. "मुद्दाम थोडंच केलंस." बाल्कनीत त्या सकाळी हे तीन शब्द मला सुचले नव्हते. आईला ते रोज सुचतात, रोज नव्याने. मग ती दाराकडे एक नजर टाकते आणि आवाज खाली आणते.

"बाबांना तू काही बोलू नकोस हं. ते आले की मी सांगेन, माझ्याच हातून झालं म्हणून. मला नाही ओरडायचे ते."